रविवारची रेस

इंग्लंडमधल्या स्लाऊ गावातल्या आमच्या स्केटिंग क्लबच्या रेस नेहमी शनिवारी. आणि शनिवारी आमच्या ज्यू घरात शब्बाथ, प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा दिवस. म्हणजे प्रॅक्टिसला योना हजर, रेसला योना गायब! क्लबमधली सगळ्यात फास्ट मुलगी तनू मला ‘पाहुणी’ म्हणायची, तेही मराठीत, कोचला कळू नये म्हणून.

मग क्लबच्या वाढदिवसाला जुन्या पद्धतीची रेस ठरली. स्केटिंगच्या रेस नुकत्या सुरू झाल्या होत्या त्या काळातली. लाकडी फ्लोअर, चार चाकांचे स्केट्स, पुढे दोन आणि मागे दोन, आणि दर फेरीला जी शेवटी ती बाद. जिंकणारीला बर्मिंगहॅमच्या फायनलला जाणाऱ्या क्लबच्या टीममध्ये जागा. रेस रविवारी, ती फायनलही रविवारी. मला ती जागा हवीच होती.

बाकी सगळ्या एका रांगेतल्या चाकांवर वाढलेल्या. हॉलचे जुने स्केट्स पायांखाली डुगडुगायला लागले, तसे सगळ्यांनी बुटाखालचे, चाकांच्या जोड्यांना झुकू देणारे नट करकचून आवळले. माझे स्केट्स मात्र रोझीमावशीचे, ठाण्याहून आलेले. घरामागच्या कार पार्कमध्ये मी त्यांच्यावरच शिकले होते. मावशीचं म्हणणं एकच, नट सैल ठेव, तू झुकलीस की स्केट आपोआप वळतो. मी पाना काढून माझे नट आणखी ढिले केले.

“वेडी आहेस का?” तनू म्हणाली. “पहिल्याच वळणावर आपटशील, पाहुणी.”

आपटल्या मात्र बाकीच्याच. आवळलेली चाकं वळेनात, मुली थेट भिंतीकडे निघाल्या. एकेक बाद होत शेवटी आम्ही दोघीच उरलो. सरळ पट्ट्यात तनू वाऱ्यासारखी पुढे जायची, पण वळणावर तिला टुकूटुकू पावलं टाकत वळावं लागायचं. शेवटचं वळण आलं. मी आत झुकले, इतकी की हात जवळजवळ फ्लोअरला लागला, आणि स्केट्स माझ्याबरोबर गोल फिरले. तनू बाहेरच्या बाजूला राहिली. रेषा आधी मी ओलांडली.

सिनेगॉगमध्ये प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना गप्प बसवणारे माझे बाबा खुर्चीवर उभे राहून ओरडत होते. कोचने तिथल्या तिथे माझं नाव बर्मिंगहॅमसाठी पक्कं केलं.

तनू घामाघूम होऊन माझ्याजवळ येऊन बसली. तिने हात पुढे केला.

“योना, तो पाना दे ना. मलाही नट ढिले करायचेत.”

पाहुणी नाही. योना.

“देते,” मी म्हटलं, “पण बर्मिंगहॅम झाल्यावर. तोवर सगळ्यात फास्ट मीच!”