सहीची कोरी चौकट

प्रबंधाचा विषय ठरवायला आम्हाला पंधरा दिवस दिले होते. माझा विषय अकरा वर्षांपूर्वीच ठरला होता.

वर्गातली बाकीची मंडळी मेट्रो, उड्डाणपूल, संगणकावरचं नियोजन असले झकपक विषय घेऊन बसली. प्रश्नावली छापायची, हॉस्टेलच्या मेसमध्ये दोस्तांकडूनच एक ते पाच आकड्यांवर खुणा करून घ्यायच्या, की झाले बांधकाम व्यवस्थापनातले एम.टेक. मी लिहून दिलं, ‘स्लॅबचे टेकू मुदतीआधी काढण्याचे निर्णय आणि त्यांची जबाबदारी’. माझ्या गाईड सुभाषिणी मॅडम म्हणाल्या, फार रुक्ष आहे, तुझ्याशी कोणी बोलणार नाही. मी म्हटलं, एक जण नक्की बोलेल.

तो एक जण म्हणजे जोगेश्वर राव. आज हैदराबादेत ते आत आले की बिल्डर खुर्चीतून उठतात. अकरा वर्षांपूर्वी मियापूरच्या एका वसाहतीच्या कामावर ते प्रोजेक्ट मॅनेजर होते, आणि माझे वडील सांबय्या, आमचे नान्ना, त्यांच्या हाताखाली सुपरवायझर.

चौथ्या मजल्याचा स्लॅब टाकून सहाच दिवस झाले होते. काँक्रीट पक्कं होईपर्यंत, चौदा दिवस, खालच्या टेकूंना हात लावायचा नाही, हे साइटवरच्या कुत्र्यालाही ठाऊक असतं. पण रावांना पुढच्या मजल्यासाठी तेच टेकू हवे होते. काढ म्हणून सारखा तगादा. नान्नांनी परवानगीची चिठ्ठी भरून सहीला पाठवली, एकदा नाही, तीनदा. एरवी समोर येईल त्या कागदावर न वाचता सही ठोकणारा हा माणूस, पण नेमकी तेवढी चिठ्ठी बिनसहीची परत यायची. शेवटी फोन आला, “काढून टाक रे सांबय्या, संध्याकाळी सही करतो.” आणि नान्नांनी टेकू काढले. काम तोंडी शब्दावर सुरू करायचं आणि कागद मागाहून, साइटवर सगळे तसंच करतात. त्यांची चूक एवढीच. चूक होती, मी नाकारत नाही.

जेवणाच्या सुट्टीत स्लॅबचा कोपरा खाली आला. मेलं कोणी नाही, एका मजुराचा पाय मोडला. संध्याकाळी सही झाली नाही, चौकशी झाली. परवानगी नसताना टेकू काढले म्हणून नान्नांना हाकलून दिलं. त्यानंतर कुठेही काम मागायला गेले की समोरचा जुन्या ऑफिसला फोन लावणार आणि मान हलवणार. नुसत्या नजरेने स्लॅबची पातळी सांगणारा माणूस आता एका अपार्टमेंटच्या गेटवर बसून येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. ती चिठ्ठी मात्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. खाली परवानगी देणाऱ्याच्या सहीची चौकट, कोरी. त्या चौकटीकडे बघत बघतच मी डूख धरला. मला तिथे सही हवी होती. वर पदवी मिळाली तर सोन्याहून पिवळं.

रावांनी मुलाखतीला लगेच वेळ दिली. आमच्याकडे घराण्याचं नाव एका अक्षरात मावतं, त्यामुळे पी. हैमवती ही सांबय्याची मुलगी हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. संमतीपत्रावर सही केली, अर्थातच न वाचता. मी फोन रेकॉर्डिंगला लावून त्यांच्यासमोर ठेवला. चहा आला, बिस्किटं आली. सर, तुम्ही कामात वेळ कसा वाचवता, एवढंच मी विचारलं. मियापूरचं नाव त्यांनी आपणहून काढलं.

“आठ दिवस वाचवले मी तिथे, अम्मा. एक कोपरा बसला, ते घातलं एका सुपरवायझरच्या गळ्यात. तूही शिकून ठेव. हुकूम तोंडाने द्यायचा, कागद कोरा ठेवायचा.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी मान खाली घालून बिस्किट चहात बुडवत राहिले. मग विचारलं, हे प्रबंधात घेतलं तर चालेल ना सर?

ते पोट धरून हसले. “प्रबंध कोण वाचतं, अम्मा? वाळवी.”

नियमाप्रमाणे मी सगळं बोलणं टाइप करून त्यांच्या मंजुरीसाठी पाठवलं. सात पानं होती. दुसऱ्याच दिवशी सातही पानांवर सह्या होऊन परत आली. प्रबंधात कोणाचं नाव घालायचं नाही, हाही नियम, म्हणून ते झाले ‘उत्तरदाता क्रमांक सात’. सात म्हणजे कोण, ते मॅडमनाही ठाऊक नव्हतं.

आणि तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक कोण यावा? आमचं कॉलेज दरवर्षी शहरातल्या त्याच तीन बड्या माणसांपैकी एकाला बोलावतं. नोटीस बोर्डावर जोगेश्वर रावांचं नाव वाचलं तेव्हा खरं तर मी मॅडमना जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का सांगू?

परीक्षा दुपारी चारची. प्रबंध महिनाभर आधी त्यांच्याकडे गेला होता, पण टेबलावर ठेवला तेव्हा बाइंडरची पानं अजून एकमेकांना चिकटलेलीच होती. मी सात क्रमांकाचा तक्ता पडद्यावर लावला आणि कोरड्या पुस्तकी भाषेत वाचला. सहाव्या दिवशी टेकू काढण्याचा तोंडी आदेश, लेखी परवानगी जाणूनबुजून टाळली, दोष सुपरवायझरवर ढकलला. रावांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. स्वतःची फुशारकी त्यांना या भाषेत ओळखूच आली नाही. उलट मॅडमसमोर कडक दिसायची आयती संधी मिळाली.

“हा सात नंबरचा माणूस साइटवर उभा करायच्या लायकीचा नाही,” ते म्हणाले. “आणि तू इतकं गुळमुळीत काय लिहिलंयस? स्पष्ट लिही.”

“सर, तुमचा हा शेरा लेखी मिळेल?”

लिहिला की! परीक्षकाच्या कागदावर, ठळक अक्षरांत. सर्व जबाबदारी क्रमांक सातची, सुपरवायझर निर्दोष, प्रबंधात तशी दुरुस्ती करावी. खाली सही, तारीख.

मॅडम गुण भरायला ऑफिसात गेल्या. मी त्या शेऱ्याशेजारी मुलाखतीची सात पानं ओळीने मांडली आणि म्हटलं, सर, आता वाचा.

तिसऱ्या पानावर त्यांनी चष्मा काढून पुसला. सातव्या पानापर्यंत शर्टाची कॉलर भिजली. तो घाम बघून मला जे सुख झालं ते कुठल्याही पदवीने झालं नसतं, खोटं कशाला बोलू?

“कोण तू?” त्यांनी विचारलं.

“पोतुला हैमवती. सांबय्यांची मुलगी.”

मी पिशवीतून चिठ्ठी काढली, घडी उलगडली आणि चौकटीवर बोट ठेवलं.

“संध्याकाळी सही करतो म्हणाला होतात. झाली संध्याकाळ.”

ते दाराकडे बघायला लागले. मी म्हटलं, मॅडम येतीलच आता. सात म्हणजे कोण ते मी सांगणार नाही, नियम आहे. पण ही पानं टेबलावरच राहतील, आणि सही तर त्या ओळखतातच.

त्यांनी चिठ्ठी हातात घेतली. पुढून वाचली, मागून वाचली. हुकूम मीच तोंडी दिला होता, हे वाक्य मी त्यांच्याकडून लिहून घेतलं, मगच सही. तारीख मागची नाही, परीक्षेच्या दिवसाचीच घालायला लावली.

“आता ते प्रबंधातून काढशील ना?” पेन बंद करताना त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता.

“नाही सर. परीक्षकांनी दुरुस्ती सांगितलीय, करावीच लागेल. दुरुस्त प्रत तुमच्याकडेच सहीला आणेन. या वेळी वाचून करा.”

घरी नान्नांनी चिठ्ठी दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिली. रडला का तो, एवढंच त्यांनी विचारलं. नाही, घामाघूम झाला, मी म्हटलं. चालेल, ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गेटवरची वही दुसऱ्याच्या हाती दिली, चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली आणि जुन्या ऑफिसचा रस्ता धरला.