मी आईच्या गालामागे राहतो

मी एक जुना विषाणू आहे. ओठांवर पाण्याचे फोड आणतो, तोच मी. मित्रांनो, नाक मुरडू नका. निदान माझी कहाणी तरी ऐका.

माझं घर म्हणजे एका आईच्या गालामागची, कानाजवळची नस. ही आई लहान होती तेव्हा तिच्या आईनं, स्वतःच्या ओठावर फोड असतानाच, तिचे पटापट पापे घेतले. त्या मायेबरोबर मी आत शिरलो आणि अडकलो तो कायमचा. इथे ना उजेड, ना वारा. नुसतं पडून राहायचं. आईला ताप आला, जागरणं झाली, की मी कसाबसा ओठापर्यंत पोहोचतो. बाहेरचं जग पाहतो न पाहतो तोच फोडावर खपली धरते.

एकदा मात्र माझं फावलं. आईनं आपल्या उष्ट्या पेल्यातलं दूध थोरल्या मुलीला पाजलं आणि माझं एक बिऱ्हाड तिच्याकडेही थाटलं गेलं. पोरीचं तोंड असं आलं, की पाण्याचा घोट गिळवेना. घरच्यांनी उष्णतेवर खापर फोडलं. माझं नावही कुणी घेतलं नाही, याचं मला जरा वाईटच वाटलं.

नुकतंच घरात बाळ आलं. जागरणांनी आई थकली आणि मी ओठावर उगवलो.

"फोड पूर्ण बरा होईपर्यंत पापा घ्यायचा नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "एवढ्याशा बाळाच्या जिवावर बेततं."

आईनं तोंडाला फडकं बांधलं.

"एका पाप्यानं काय होतंय?" बाळाची आत्या म्हणाली.

आईलाही राहवेना. फडकं हनुवटीखाली घेऊन ती पाळण्यात वाकली. बाळाचा गाल अगदी समोर आला. मला सुटकेची घाई झाली होती, खोटं कशाला बोलू?

"आई," थोरली म्हणाली, "माझं आलं होतं तसं बाळाचं पण तोंड येईल का ग?"

आई तशीच थांबली. मग तिनं फडकं वर ओढलं, साबणानं हात धुतले आणि बाळाला छातीशी घेतलं. ती रडत होती. मी फडक्याआड तडफडत राहिलो.

मित्रांनो, आता मी परत आत निघालो आहे. औषधानं मी गप्प बसतो, पण जात नाही. कधी कधी तर फोड नसतानाही लाळेत असतो. म्हणून आपला पेला वेगळा ठेवा, आणि ओठावर काही उठलं असेल तर तान्ह्याच्या जवळ तोंड नेऊ नका. मला बाहेर पडायचंच आहे, मी काही थांबणार नाही. थांबायचं तुम्हालाच आहे.