शेऱ्याचा रकाना

आमचे हे इतिहासात जाणार, अशी बातमी घेऊन वृंदा आली. फरीदाबादची ही मुलगी दिल्लीतल्या मराठी माणसांच्या वाचनावर संशोधन करते. साठच्या दशकात आमच्या तेव्हाच्या वसाहतीत मराठी वाचनालय होतं. त्याची जुनी नोंदवही तिला सापडली होती.

"आजोबा, दहा वर्षांत चारशे बारा कादंबऱ्या! आणि प्रत्येकीपुढे तुमचा शेरा. कमाल आहे यार!"

ह्यांनी नम्रपणे मान झुकवली. मी दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत होते, ती सोलतच राहिले.

कादंबरी कशाशी खातात, हे ह्यांना ठाऊक नाही. ऑफिसच्या फायली सोडून आयुष्यात काही वाचलं असेल, तर रेल्वेचं टाइमटेबल. तेव्हा घरटी सभासद एकच, तोही कर्ता पुरुष. वाचनालय उघडायचं संध्याकाळी, नेमकं माझ्या पोळ्यांच्या वेळी. म्हणून वाचायचे मी आणि सायकलवरून पुस्तक बदलून आणायचे हे.

वृंदा शेरे वाचू लागली. "'नायिका उगाच रडते.' 'पत्र जाळायला नको होतं.' 'शेवट पटला नाही.' बिल्कुल शार्प!"

माझा हात थांबला. ह्यांच्या पिशवीत पुस्तक टाकताना मी दारात जे बडबडायचे, तेच हे शब्द. मला वाटायचं, हे ऐकतच नाहीत. ऐकत होते, शब्दनशब्द लिहूनही ठेवत होते. फक्त माझं नाव तेवढं राहून गेलं होतं. मला राग आला, चांगलाच आला.

"पण आजोबा, पत्र का जाळायला नको होतं?"

हे पंख्याकडे बघू लागले.

"कारण त्या पत्राने नायिकेच्या बहिणीचं लग्न वाचलं असतं," मी आतून म्हणाले.

वृंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे. "अच्छा!"

ह्यांनी खिशातलं पेन काढलं. जन्म सरकारी नोकरीत गेलेला माणूस. वृंदाने आणलेल्या लेखाच्या मसुद्यातल्या आपल्या नावावर सरळ रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'वाचन: अहिल्या. ने-आण: शशिकांत.' खाली सही आणि तारीख.

मी बाहेर येऊन वाचलं आणि मला भरून आलं. पन्नास वर्षांत पुस्तकांशेजारी माझं नाव पहिल्यांदाच दिसत होतं.

"आजी, ह्यावर तुमचा शेरा?" वृंदाने विचारलं.

"लिही," मी म्हटलं, "फार लांबवलं. पण शेवट पटला."