खिडकीकडची बाजू

“अजून थोडी फिरव. मोठी खिडकी घराकडे यायला हवी,” रूली म्हणाली. गाडीत बसलेल्या तिच्या जावयाने, बासने, आरशातून तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसऱ्या कोणाला लाजच वाटली असती. रूलीला वाटली नाही.

खरं तर बासने कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं ते चाकांवरचं घर, नीट लावली होती. लिंडनच्या झाडाखाली गार सावलीत, तोंड कुरणाकडे. टेकूचे चारी पाय खाली सोडून झाले होते, चाकाखाली फळी सरकवून झाली होती. आणि आता सासूबाई म्हणत होत्या, पाय वर घ्या, गाडी जोडा आणि हे धूड भर उन्हात, शेतघराच्या भिंतीसमोर आणून उभं करा. मुलगी मार्लूस आपल्या दोन पोरींना घेऊन बाजूला उभी होती. ती म्हणाली, “आई, विटा बघत झोपायचंय का तुला?” रूलीला काही सांगता येईना. हार्म अशीच लावायचा, एवढंच तिला ठाऊक. लावून झाली तरी त्याचं समाधान व्हायचं नाही. मग सगळ्यांना मागून ढकलायला लावून तो ती बोटभर इकडे, बोटभर तिकडे करायचा. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं. नवऱ्याच्या प्रत्येक खुळाचं कारण विचारत बसलं तर संसार व्हायचा कधी?

हार्म गेल्या पानगळीत गेला. जन्मभर झानदाम गावी कालव्याच्या पुलावर नोकरी केली त्याने. बोट आली की पूल वर, बोट गेली की पूल खाली. दर उन्हाळ्यात कॅराव्हॅन जोडून डेन्मार्कला जायचं आणि जाताना पहिला मुक्काम इथे, वाटेतल्या ड्रेन्थ प्रांतात, धाकट्या भावाच्या शेतावर करायचा, हा त्याचा ठरलेला नेम. यंदा मार्लूसने हट्ट धरला की बाबा नसले तरी नेम मोडायचा नाही.

रूलीला मात्र तो मोडायचाच होता. तिच्या मनात या घराबद्दल जुनी अढी होती. घर केवढं ऐसपैस, वर खोल्या मोकळ्या, आणि सख्खा थोरला भाऊ बायकोमुलीसह अंगणात डब्यात झोपतो, पण कोणाच्या तोंडून कधी ‘आत या’ निघालं नाही. पहिल्या वर्षी तिने हार्मला विचारलं होतं. तो म्हणाला, “ते काही बोलले नाहीत बुवा. आपण होऊन कसं म्हणायचं?” तेव्हापासून रूली या घरात पाहुण्यांच्या खुर्चीवर टोकाला बसायची, एक कप कॉफी प्यायची, एक बिस्कीट खायची आणि डबा पुढे आला की नको म्हणायची. यंदा तिने ठरवलं होतं की हे शेवटचं. उद्या निघताना जाऊबाईंना तोंडावर सांगायचं, तुमच्या अंगणाला पुन्हा त्रास देणार नाही. वाक्यसुद्धा गाडीत तयार करून ठेवलं होतं.

बास आणि पोरी बाहेर कॅराव्हॅनपाशीच राहिले, बाकीचे कॉफीला स्वयंपाकघरात बसले. धाकटा दीर एफर्ट पहिल्यापासून मुखदुर्बळ. त्याने हवेबद्दल एक वाक्य बोलून घेतलं आणि कप हातात धरून बसला. जाऊ हिली कपात चमचा फिरवत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती. मग ती एकदम म्हणाली,

“रूली, तुम्ही रागावणार नसाल तर एक बोलू? यंदा तुम्ही पाच जण त्या कॅराव्हॅनमध्ये. पोरींची अडचण होईल. तुम्हाला परक्या अंथरुणात झोप येत नाही हे मला माहीत आहे. पण वर बिछाना घातलाय. दर वर्षीसारखा.”

रूलीच्या हातातला कप तसाच राहिला. “दर वर्षीसारखा म्हणजे?”

“तुमचा फोन आला की मी घालते,” हिली म्हणाली. “तुम्ही गेलात की काढते. हे म्हणतात, असू दे घातलेला, एखाद्या वर्षी वाटेल वहिनींना. मी बोलले नाही कधी. हार्म म्हणाले होते, तिच्यासमोर विषय काढू नका, तिला अवघडल्यासारखं होतं.”

रूलीला काही उमजेना. शब्द कळत होते, पण डोक्यात शिरत नव्हते. परक्या अंथरुणात झोप येत नाही? कोणाला? तिला? ती तर कुठेही आडवी झाली की घोरायला लागायची. त्यावरून हार्म तिची टर उडवायचा. आणि हा माणूस इथे येऊन दर वर्षी तिच्या डोक्यावर खापर फोडून जायचा? म्हणजे ती इतकी वर्षं या लोकांना माणूसघाणे म्हणत होती, आणि हे लोक तिला शिष्ट समजून चादरी घालत होते, काढत होते.

समोर मार्लूसचं तोंड उघडंच होतं. “पण काकू, बाबा तर आम्हाला म्हणायचे की तुम्हीच—”

“मार्लूस,” रूली म्हणाली, “बासला कॉफी नेऊन दे बाहेर.”

“अगं पण—”

“गार होईल. जा.”

पोरगी गेली. रूलीला तेवढा वेळ पुरला नाही, पण तेवढाच होता. खरं सांगितलं तर ती मोकळी होईल. पण हार्म खोटारडा ठरेल, तेही सख्ख्या भावासमोर आणि आता बाजू मांडायला तो नसताना. नाही सांगितलं तर शिष्टपणाचा शिक्का तिच्या कपाळावर कायमचा. राग इतका आला होता की हार्म समोर असता तर तिने त्याला धरून गदागदा हलवलं असतं. पण तो नव्हता, आणि हाच मोठा घोटाळा होता.

“माझी सवयच मेली वाईट,” ती शेवटी म्हणाली. “तुम्हाला उगीच इतकी वर्षं त्रास. आज बघते झोपून वर.”

हिलीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने बिस्किटांचा डबा पुढे केला. रूलीने दुसरं बिस्कीट घेतलं, मग तिसरंही घेतलं. ती कशी लागली ते मात्र तिला आठवत नाही.

जेवणं झाल्यावर एफर्ट तिची पिशवी घेऊन वर निघाला. जिना उभा होता. दोघंही धापा टाकत पोचले. खोली लहानशी, पण नीटनेटकी. दोन माणसांचा पलंग, इस्त्रीच्या घड्या न मोडलेल्या पांढऱ्या चादरी, पायथ्याशी दोन टॉवेल आणि त्यांवर साबणाची न फोडलेली वडी. टॉवेल दोन होते हे पाहून रूलीने दुसरीकडे नजर वळवली.

“ही हार्मची खोली,” एफर्ट म्हणाला. “माझी पलीकडची, गोठ्यावरची.”

हे तिला माहीत नव्हतं. शेत धाकट्याकडे कसं आलं ते माहीत होतं. हार्मला वाळल्या गवताचा दमा. गंजीजवळ गेला की छाती भरायची. म्हणून बापाने शेत धाकट्याला दिलं. हार्म ही गोष्ट हसत हसत सांगायचा. म्हणायचा, दम्याचं भलं होवो, गाईंच्या शेपट्यांतून सुटलो! रूलीही हसायची.

एफर्ट पिशवी खाली ठेवून तिथेच उभा राहिला. इतका वेळ उभं राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

“बाबांनी कागद केले त्या दिवशी तो म्हणाला होता, ज्या घरात जन्मलो तिथे पाहुणा म्हणून झोपणार नाही. तेव्हा विशीतला होता. मला वाटलं, रागाच्या भरात बोलला, विसरेल.” त्याने खिडकीची कडी उगाच लावली आणि पुन्हा काढली. “मी दर वर्षी विचारायचो. तो तुमचं नाव सांगायचा. मी मान डोलवायचो.”

रूलीने पिशवी उघडून झोपायचे कपडे वर काढले.

“वहिनी, तुम्हाला खरंच परक्या अंथरुणात झोप येत नाही?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे हार्मचेच होते, फक्त मिशी वेगळी होती.

“नाही येत,” ती म्हणाली.

एफर्टने मान डोलावली आणि जिना उतरून गेला.

बाहेर अजून लख्ख उजेड होता. खाली बास आणि पोरी पत्ते खेळत होते, मार्लूस दोरीवर टॉवेल टाकत होती. रूली कपडे बदलून आडवी झाली. खिडकीकडच्या बाजूला, कारण ती बाजू जवळ होती. कोपरावर रेलून तिने खाली पाहिलं आणि तिला कॅराव्हॅनची खिडकी दिसली. समोरासमोर. पडदा अर्धा उघडा होता आणि आतला पलंग इथून स्पष्ट दिसत होता.

इतर कुठल्याही मुक्कामावर हार्म कॅराव्हॅनमध्ये दाराकडच्या बाजूला झोपायचा. सकाळी लवकर उठायचा ना, मग त्याला तिच्यावरून ओलांडून जायला नको. फक्त इथे, दर वर्षी, तो खिडकीकडची बाजू मागून घ्यायचा. म्हणायचा, हवा लागते. हवा कसली डोंबलाची! इथल्या हवेला शेणाशिवाय दुसरा वासच नव्हता, आणि त्याला तर दमा. तो तिथे पडून या खिडकीकडे बघत असायचा. ती शेजारी घोरत असायची, आणि तो स्वतःच्या खोलीकडे बघत असायचा. आत बिछाना घातलेला आहे, हेही त्याला माहीत असणार.

तिला रडू आलं. कशाचं, ते तिला नीट सांगता आलं नसतं. त्याच्या खोटेपणाचं, की त्याला बोलता आलं नाही याचं, की गाडीत तयार करून ठेवलेल्या त्या वाक्याचं. “सांगायचंस की रे,” ती म्हणाली. “मी काय नको म्हटलं असतं?” राग अजून होताच. तो इतक्यात जाणार नव्हता.

खालून हिलीने हाक मारून विचारलं, सगळं ठीक आहे ना, उशी हवी का आणखी? रूली म्हणाली, नको, दोन आहेत.

मग तिने डोळे पुसले. दुसरी उशी थोपटून खिडकीशी ठेवली, पडदा होता तसाच उघडा राहू दिला, आणि स्वतः सरकून भिंतीकडच्या बाजूला झोपली.