लपवलेली रेघ

मी एक जुनी मशीन आहे, मित्रांनो, सर्किट बोर्ड कापणारी. तायचुंग शहरात जन्मले, सानचोंगच्या या गल्लीतल्या कारखान्यात म्हातारी झाले. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण कॉम्प्युटरवर कुणी बोर्डाची कड आखली, की तिच्यावरून केसभरही ढळत नसे मी. लोक कापलेल्या कडेवरून बोट फिरवून म्हणत, "रेशीम आहे रेशीम!" म्हणणारच.

शेजारी आग्योक मावशीचं माशाच्या गोळ्यांच्या सूपचं दुकान. दार उघडलं की तिथली घंटी मावशीच्याच आवाजात ओरडे, "पाय पूस मेल्या, मग आत ये!" गिऱ्हाईक हसत हसत पाय पुसे. मग मावशीच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. पुढे सुपाच्या वाफेनं घंटीचा बोर्डही गंजून मुका झाला. तिचा आवाज उरला तो आतल्या चिपमध्ये. दुसरीकडे कुठेच नाही.

तिचा मुलगा काय-वेन आमच्याच कारखान्यात बोर्ड आखतो. त्या चिपसाठी त्यानं नवा बोर्ड आखायला घेतला. पहिली कड लहान पडली, म्हणून तिच्या बाहेरून दुसरी, मोठी आखली.

मला चालवणारे लाईकाका म्हणाले, "एवढासा बोर्ड, आणि इतके दिवस? नवरी सजवतोयस काय रे?"

"आईचा आवाज आहे काका. चेष्टा नको."

"म्हणूनच विचारतो. पहिली रेघ पुसलीस ना? फाइलीत कडेच्या थरावर एकच रेघ हवी, मशीन तिथलीच रेघ कापते."

"पुसली हो! किती वेळा सांगू?"

पुसली नव्हती. नुसती लपवली होती. त्याला पडद्यावर दिसत नव्हती. माझ्याकडे मात्र आली.

आमच्याकडे आधी बोर्डावर चिप जोडतात, मग मी बोर्ड कडेवरून कापते. मी आतली रेघ धरली. ती चिपच्या मधोमध जात होती. "थांब! अगं थांब!" माझ्या बटणाकडे धावत लाईकाका ओरडले, तोवर चिपचे दोन तुकडे झाले होते.

मावशी सुपाचा डबा घेऊन दारातच उभी होती. आवाज ऐकायलाच आली होती. तिनं दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन एकमेकांना जुळवून पाहिले.

"आई, दोन शिव्या तरी घाल गं," काय-वेन म्हणाला.

तिनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. मग तिनं डबा उघडून लेकापुढे सरकवला आणि निघून गेली. सूप कुणी प्यायलं नाही.

काय-वेननं माझ्यावर कापड टाकलंय. माझ्याकडे बघत नाही तो. बघू नकोस बाबा. कापलं तर मीच ना.

मित्रांनो, कड आखाल तेव्हा एकच आखा, टोकाला टोक मिळवा, आणि चुकलेली रेघ लपवू नका, पुसून टाका. पुढं कापणारीला थांबून विचारता येत नाही.