मला गप्प करणारं ग्रीस

यंदा वीब्रेन का नाही आला? मार्चमध्ये मी हे विचारत होतो. मला कोणीही उत्तर दिलं नाही.

मी हूक बोलतोय. गाडीच्या मागे लोखंडी गोळा असतो. तो जबड्यात धरून चाकांवरचं अख्खं घर, म्हणजे कॅराव्हॅन, ओढून नेणारा हूक. माझ्या जबड्यात दोन खरखरीत पट्ट्या आहेत. वरचा दांडा खाली दाबला की त्या गोळ्याला दोन्ही बाजूंनी आवळतात. मग वारा कितीही येऊ दे, मागचं घर शेपटीसारखं हलत नाही. तेरा वर्षं मी हेच केलं.

कारखान्यातून आलो तेव्हा मी नुसतं लोखंड होतो. धरायला शिकवलं वीब्रेननं. तो मालक, पण मी त्याला थोरला भाऊच मानलं. दर वसंतात तो माझ्यापुढे गुडघे टेकून बसायचा, गोळ्यावरचा काळा थर पॉलिश पेपरनं घासायचा, पट्ट्यांवरून हलका हात फिरवायचा. तेलाचा थेंब फक्त दांड्याच्या सांध्याला, ग्रीस फक्त माझ्या मागे सरकणाऱ्या दांडीला. गोळा मात्र कोरडाच. तरी एखाद्या वळणावर मी करकरायचोच. शेजारी हसायचे. तो म्हणायचा, "करकरू दे. धरून आहे ना!"

मार्चमध्ये शेडचं दार उघडलं आणि आत आला त्याचा धाकटा भाऊ, दौवे. मागे चित्स्के, वीब्रेनची बायको. समुद्रकाठच्या त्यांच्या नेहमीच्या कॅम्पिंगच्या तळावर कॅराव्हॅन कायमची नेऊन ठेवायची होती. मला कोणी पुसलं नाही. गोळ्यावर गंज होता, तो कोणी पाहिला नाही. पहिल्याच वळणावर मी ओरडलो. ओरडणार नाही तर काय करणार? वीब्रेन कुठाय, एवढंच विचारत होतो.

चित्स्के रडायला लागली. "बंद कर रे तो आवाज, दौवे. पुढच्या क्षणाला वीब्रेन 'धरून आहे' म्हणेल असं वाटतं."

"आत्ता करतो, वहिनी."

तो उतरला. क्षणभरही थांबला नाही, विचार केला नाही. ग्रीसचा डबा उघडला आणि बोटांनी गोळ्यावर थापलं. "घे. आता गप बस."

मी गप्प बसलो. आवाजासोबत माझी पकडही गेली, हे त्याला कोण सांगणार? मला कोणी काही विचारतच नव्हतं!

मग बत्तीस किलोमीटरच्या बांधावरचा रस्ता. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला गोडं पाणी, आणि मध्ये आडवा वारा. एक ट्रक बाजूनं गेला आणि मागचं घर डावीकडे झुकलं, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे. मी जीव खाऊन आवळत होतो, पट्ट्या नुसत्या सरकत होत्या.

"दौवे!" चित्स्के किंचाळली. "मला दोघांनाही पुरायचं नाहीये!"

त्यानं ब्रेक मारला नाही, एवढं एक शहाणपण केलं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं. हळूहळू झोके थांबले. बांधाच्या मध्यावर पेट्रोलपंप आहे, तिथे त्यानं गाडी उभी केली.

तिथे खेस्के आजी गळ टाकून बसली होती. तळावरची वीब्रेनची जुनी शेजारीण. तिनं येऊन माझा दांडा उचलला आणि वाकून पाहिलं.

"अरे गाढवा, हा गोळा आहे, पाव नाही! एवढं लोणी कशाला फासलंस?"

"फार करकरत होता, आजी."

"करकरला तर गोळा घासायचा. पट्ट्या तेलकट झाल्या की संपल्या. वीब्रेननं सांगितलं नाही तुला? कुठाय तो?"

दौवेनं ग्रीसची बोटं पँटला पुसली. "गेला. फेब्रुवारीत. शेवटपर्यंत म्हणत होता, हूक मी तुला शिकवतो. मी म्हटलं, बरा हो, मग शिकव."

असं होय. पण हे आजीला सांगितलं. मला नाही. तेरा वर्षं मी त्याचं घर धरून होतो आणि मला सांगावंसं कोणाला वाटलं नाही!

आजीनं कॅराव्हॅनमधल्या सीटखालची वीब्रेनची हत्यारांची पेटी काढायला लावली. त्यात नव्या पट्ट्या होत्या. वीब्रेननं शरदातच आणून ठेवलेल्या. दौवेनं जुन्या काढल्या, नव्या बसवल्या. फडकं पांढरं निघेपर्यंत गोळा पुसला, मग घासला. रडताना त्याच्या नाकातलं पाणी माझ्यावर पडलं, तेही त्यानं पुसलं. माझा राग तेवढ्यानं गेलेला नाही. पण नंतर उरलेल्या बांधभर वारा होता आणि मी तसूभर हललो नाही.

आता ती दोघं कुठलीही कॅराव्हॅन ओढणार नाहीत म्हणे. तुम्ही ओढत असाल तर माझं ऐका: आमचा आवाज मारू नका, आधी गोळा बघा.

तळाच्या फाटकाशी, शेवटच्या वळणावर, मी एकदा करकरलो. चित्स्के रडली नाही. "धरून आहे," ती म्हणाली.

दौवेनं चाकांखाली ठोकळे लावले आणि माझा दांडा वर उचलला. मला अजून धरून ठेवायचं होतं. पण त्या दोघांना आता थांबायचं होतं, म्हणून मी गोळा सोडला.