बांधातली उघाडी आणि लवूचं दार

मित्रांनो, ज्याच्या पेजेत माझ्या जिवावर पिकलेले तांदूळ शिजतात, त्यानंच माझ्या डोक्यावर बसून तंबाखू चोळावी आणि वर म्हणावं, "ही आमची नाय, सरकारची!" याला काय म्हणायचं? लवू अस्संच करायचा.

मी एक जुनी उघाडी आहे. तोंडवलीच्या पलीकडे, खाडीच्या बांधात उभी. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरतीला खाडी माझी झडप दाबून बंद करते. ओहोटीला मळ्यातलं पावसाचं पाणी तीच झडप लोटून बाहेर पडतं. मला राबवायला माणूस लागत नाही, राखायला लागतो.

माझ्या आधीचा बांध गावानं घातलेला. शिमगा सरला की घरटी एक माणूस चिखल घेऊन यायचा, कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं बुजवायचा. पण एका उधाणात बांध फुटला, मळे खारावले. तरणेताठे मुंबईच्या गिरण्यांत गेले.

मग एकोणीसशे पन्नासनंतर कधीतरी खाकी चड्डीतले साहेब होडीतून उतरले. म्हणाले, "खारजमिनीसाठी सरकार अनुदान देतंय. मोठा वाटा सरकारचा, उरलेला तुमच्या मेहनतीचा."

पुरुष एकमेकांची तोंडं बघत बसले. सत्यवतीकाकीनं पदर खोचला. दोन यत्ता शिकलेली बाई, नवरा गिरणीत, मळा बांधाला लागून. चिखलाची पहिली पाटी तिनं उचलली.

"बघतास काय? चिखल काय चालत येतलो?"

काय दिवस होते ते! बायका गाणी म्हणत पाट्या वाहत. बाबू सुतारानं ऐनाच्या फळ्यांची माझी झडप केली, होडीला चोपडतात तसं माशाचं तेल चोपडलं. पहिलं भात पिकलं तेव्हा मला हळदकुंकू लागलं, माझ्यापुढे नारळ फुटला. नव्या सुनेचा तरी एवढा मान होतो का?

पण कौतुक दोन-चार पावसाळे टिकलं. पुढे शिमगा सरला तरी बांधाकडे कोणी फिरकेना. "सरकारचो बांध, सरकार बघतला." काकीच्या दिराचा मुलगा लवू तर सगळ्यांच्या वरचा. भरतीबरोबर बोय मासे आत यावेत म्हणून तो माझी झडप सुंभानं वर बांधून ठेवी. काकी ओरडली तर म्हणे, "मोडली तर सरकार नवी देतला."

आणि एका भाद्रपदात मोडलीच. भात पोटरीला आलं होतं. अमावास्येच्या आदल्या रात्री लवूनं बांधलेली झडप गंजल्या बिजागऱ्यांसकट भरतीत वाहून गेली. सकाळी काकी येऊन बघते, तर कडेचं भात खाऱ्या पाण्यात उभं. दुपारी अमावास्येचं उधाण येणार. ते आत शिरलं असतं, तर गावाचं वर्षाचं भात गेलं असतं आणि जमीन पुन्हा खार धरून बसली असती.

"काकी, सरकाराक अर्ज लिवतंय," लवू खालमानेनं म्हणाला.

"अर्ज वाचीसर भरती थांबतली काय रे? जा, तुझ्या घराचो दरवाजो काढून घेवन ये."

"माझो? आणि घरात कुत्रे शिरले तर?"

"कुत्र्याक हाकलूक येता. खाऱ्या पाण्याक हाकलून दाखव!"

दार आलं. जाड, फणसाचं. बाबूनं ते माझ्या चौकटीला ठोकलं, बायकांनी फटींत चिखल थापला. खाडी चढली तशी काकी कमरेइतक्या पाण्यात दाराला पाठ देऊन उभी राहिली. दार करकरलं, पण टिकलं. भात वाचलं. पाणी उतरल्यावर बाबूनं त्याच दाराला बिजागऱ्या लावून त्याची माझी झडप केली.

लवूच्या घराला मग नारळाच्या झापाचं दार आलं, आणि लवू रोज माझ्याकडे येऊ लागला. फणसाचं लाकूड कुजू नये म्हणून तेल लावी. शेजारची बिळं बुजवी. पोरं वर चढली तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. म्हातारपणी माझे असे लाड झाले.

मित्रांनो, मी अडाणी लाकूड, पण एक मागते. कोणी बांधून दिलं म्हणून ते परक्याचं समजू नका. देणारा होडीत बसून निघून जातो. भरती तुमच्याच दारात येते.

पुढल्या वर्षी सरकारची नवी झडप आली. लवू खुशीत हातोडा घेऊन आपलं दार सोडवायला धावला. काकी बांधावरच बसली होती.

"हात लावू नको! उघाडी सरकारची होती, तेव्हा राखूक वर्षात एकदा फिरकलस नाय. तुझो दरवाजो लागलो, तसो रोज येतस. तो हंयच रवांदे. सरकारची झडप ने, आणि तुझ्या घराक लाव!"